लाडूचा डावा पाय

“डॉक्टर, फ्रिजचं दार वाजलं तरी हा आता शिट्टी मारत नाही.”

सहावीतल्या मुलीनं हे आधी सांगितलं. पाय दुखतोय, तळव्याला काहीतरी काळं झालंय, हे नंतर तिची आजी बोलली. मला हा क्रम पटला. गिनीपिग असलेल्या घरात फ्रिज उघडला की कोथिंबीर येते, आणि कोथिंबिरीचा वास आला की हा प्राणी घर डोक्यावर घेतो. दुसऱ्याची शिकार होण्याच्या धाकात पिढ्या काढलेला जीव तो, दुखणं लपवण्यात पटाईत. लंगडताना सहसा दिसत नाही. शिट्टी बंद पडली तर मात्र दोन दिवस वाट बघत बसू नये.

जुलैचा दुसरा आठवडा होता, बाहेर पुण्याचा चिकट पाऊस. टेबलावर भाजीच्या टोपलीत टॉवेल घालून आणलेला लाडू. नर, अडीच वर्षांचा, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके. नाव शोभत होतं, कारण काट्यावर भरला १३१० ग्रॅम. मोठा नर साधारण ९०० ते १२०० ग्रॅमचा असतो. लाडूचं पोट बसल्यावर दोन्ही बाजूंना पसरत होतं आणि हनुवटीखाली चरबीची घडी पडली होती.

गिनीपिगला एका हातानं छातीखाली आणि दुसऱ्या हातानं मागच्या भागाखाली आधार देऊन उचलावं लागतं. नुसतं पोटाला धरून उचलला तर तो झटका देतो आणि कण्याला इजा होते. टॉवेलात गुंडाळून एकेक पाय बाहेर काढला. पुढच्या डाव्या पायाचा तळवा सुजून गुलाबी बटणासारखा झाला होता आणि मधोमध सहा-सात मिलिमीटरची काळपट, कडक खपली. खपलीच्या कडेनं कातडी ताणून चकचकीत झालेली. उजव्या पुढच्या पायाला जखम नव्हती, पण तळवा लाल आणि पातळ. मागच्या टाचांना घट्टे. पुढच्या पायांची नखं इतकी वाढली होती की दोन नखं आत वळून बोटं तिरकी पडत होती. आणि सगळ्या तळव्यांवर हळदीचा पिवळा रंग. आजी आठवडाभर हळद-तूप लावत होत्या.

ताप नव्हता, तापमान ३८.९ अंश सेल्सिअस, म्हणजे गिनीपिगच्या मानानं ठीक. पुढचे दात सरळ, लाळ गळत नव्हती. लेंड्या नेहमीपेक्षा बारीक. म्हणजे खाणं कमी झालं होतं, जरी घरच्यांच्या मते “खातोय की”.

‘कातडीला जखम झालीय’ म्हणून येणाऱ्या गिनीपिगमध्ये सगळ्यात जास्त दिसते ती खरूज. तिचा माइट (कोळ्यांच्या कुळातला सूक्ष्म जीव) डोळ्यांना दिसत नाही, कातडीत बिळं करतो, आणि पाठीवर, खांद्यांवर, मांड्यांच्या आत खपल्या धरतात. खाज इतकी भयंकर की खाजवता खाजवता प्राण्याला फिट येते; लोक फिटचं औषध मागायला येतात आणि निघते खरूज. दुसरा नायटा : नाकाभोवती, डोळ्यांभोवती, कानांवर केस गेलेले कोंड्याचे गोल चट्टे, आणि बऱ्याचदा घरातल्या मुलाच्या मनगटावर तसलाच एक. (तिथं माणसांचं स्टिरॉइडवालं मलम लावलं की चट्टा चार दिवस दबतो आणि मग दुप्पट पसरतो. ही मलमं आपल्याकडे औषधाच्या दुकानात गोळ्या-बिस्किटांसारखी मिळतात, हे दुर्दैव.) दोन नर एकत्र ठेवले असतील तर ढुंगणावर चावे. लाडूच्या पाठीचा खरवडून घेतलेला नमुना मायक्रोस्कोपखाली पाहिला, काही नव्हतं. मुलीच्या हातांवरही काही नव्हतं. दुखणं फक्त तळव्यांत होतं. याला आम्ही पोडोडर्मटायटिस म्हणतो, बोलताना बंबलफूट.

गिनीपिगच्या तळव्यांना केस नसतात. सशाच्या पायाखाली लवीची गादी असते, याच्या पायाखाली नुसती कातडी. पुढे चार बोटं, मागे तीन, आणि वर किलोभर वजन. ही कातडी दबली, सतत ओली राहिली किंवा घासली गेली की तिचा रक्तपुरवठा कमी पडतो, बारीक चीर जाते, आणि अंगावर एरवी गुमान राहणारे स्टॅफिलोकोकस जीवाणू आत शिरतात. आधी लाली, मग खपली, मग खपलीखाली पू, मग स्नायुबंध आणि हाड. खूप महिने चालू राहिलं तर शरीर अमायलॉइड नावाचं एक प्रथिन मूत्रपिंडात, यकृतात साठवायला लागतं, आणि पायाच्या जखमेनं आलेला प्राणी किडनीनं जातो. म्हणून तळव्यावरच्या खपलीला मी ‘छोटीशी जखम’ म्हणत नाही.

तपासणी चालू असताना आजींनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. नातीला मागं घसा दुखताना दिलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप, अर्ध उरलेलं. “शेजारच्यांनी सांगितलं, याचे दोन थेंब द्या, पू होत नाही. विचारून द्यावं म्हटलं.”

ते “विचारून द्यावं म्हटलं” ऐकून माझा जीव भांड्यात पडला. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं तोंडावाटे दिली तर गिनीपिग मरू शकतो. त्याच्या मोठ्या आतड्यात चारा आंबवणारे जे जीवाणू असतात ते बहुतेक याच औषधांना बळी पडणाऱ्या जातीचे. ते मेले की रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडियम नावाचा जीवाणू वाढतो, त्याचं विष रक्तात उतरतं, आणि तीन-चार दिवसांत जुलाब होऊन खेळ संपतो. अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, तोंडावाटे एरिथ्रोमायसिन, सगळी त्याच यादीत. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यात यातलं एखादं तरी असतंच. जखमेवरचं मलमसुद्धा तो चाटून पोटात घेतो, तेव्हा त्यात काय आहे ते वाचल्याशिवाय लावायचं नाही. ऑक्सफर्डमध्ये मे १९४० मध्ये शास्त्रज्ञ हॉवर्ड फ्लोरी यांच्या चमूनं आठ उंदरांना जीवघेणे जंतू टोचले आणि त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच चार जिवंत होते. त्या दिवशी पिंजऱ्यात उंदरांऐवजी गिनीपिग असते तर त्या औषधाचं काय झालं असतं, हा विचार मला अशी बाटली दिसली की हमखास येतो. सिरप मी आजींच्या परवानगीनं कचऱ्यात टाकलं.

पहिल्या दिवशी केलं ते नेहमीचं. नखं कापली, काळी नखं असल्यानं टॉर्च मागून धरून आतली शीर बघत. तळवे सलाईननं धुतले, मग ०.०५ टक्के क्लोरहेक्सिडिनमध्ये पाच मिनिटं बुडवून ठेवले. घरी करायचं माप सोपं : दोन टक्क्यांचं द्रावण एक भाग, उकळून गार केलेलं पाणी एकोणचाळीस भाग. ऑपरेशनआधी हात धुवायचं फेसाळ क्लोरहेक्सिडिन वेगळं, त्यात साबण असतो, ते जखमेला नको. स्पिरिट नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, आणि पाण्यात टाकलं की दुधाळ होतं ते न्हाणीघरातलं तपकिरी जंतुनाशक तर अजिबात नको. खपली मी ओढून काढली नाही. सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाचा पातळ थर, न चिकटणारी जाळीदार पट्टी, वर कापूस, वर स्वतःलाच चिकटणारी पट्टी. बोटांची टोकं उघडी ठेवली, म्हणजे पट्टी घट्ट झाली तर सूज कळेल. दुखण्यावर मेलॉक्सिकॅम, तोंडावाटे. पू दिसत नव्हता म्हणून अँटिबायोटिक दिलं नाही.

औषधांचे डोस मी इथे मुद्दाम लिहीत नाही. एक किलोच्या प्राण्याला सिरिंजवरची एक बारीक रेघ इकडची तिकडे झाली तरी फरक पडतो, आणि बाटल्यांवरची तीव्रता दर कंपनीगणिक वेगळी.

गळ्यात कॉलर घालायची का, असं मुलीनं विचारलं. शेजारच्या कुत्र्याला घातलेली तिनं पाहिली होती. गिनीपिगला शक्यतो नाही. तो स्वतःच्या मऊ लेंड्या थेट ढुंगणापाशी तोंड नेऊन खातो. ऐकायला कसंतरी वाटतं, पण त्यातून त्याला ब गटातली जीवनसत्त्वं मिळतात. कॉलरमध्ये ते बंद होतं, खाणंही मंदावतं, आणि आतडी थांबली की पायापेक्षा मोठं संकट.

मग मी नेहमीचे प्रश्न विचारले. पिंजऱ्यात खाली काय आहे? “जाळी आहे, पण आम्ही वर कापड घालतो, रोज बदलतो.” व्हिटॅमिन सी मिळतं का? “हो, दुकानदारानं थेंब दिलेत, पाण्यात घालतो.” खायला? “त्याचंच खाद्य, आणि काकडी, गाजर.” मी तिन्ही उत्तरं कागदावर लिहून घेतली, तिन्हींपुढे बरोबरची खूण केली. त्या खुणा अजून फाईलमध्ये आहेत.

अकरावा दिवस

चौथ्या दिवशी पट्टी बदलायला आले तेव्हा सूज थोडी उतरली होती. मुलगी सांगत होती की शिट्टी नाही, पण पुटपुटतो. मी खूश. त्यानंतर घरीच एक दिवसाआड पट्टी बदलायचं ठरलं.

अकराव्या दिवशी पाय पहिल्यापेक्षा वाईट होता. पट्टी बाहेरून कोरडी, आतून दमट. खपली मऊ होऊन निघाली आणि तिच्याखालून दह्याच्या चक्क्यासारखा घट्ट पू आला. गिनीपिगचा पू असाच असतो, वाहत नाही, त्यामुळे ‘चिरून काढून टाका’ इतकं सोपं काम नसतं. उजव्या तळव्यालाही आता मुगाएवढी खपली. वजन १२७० वर आलं होतं आणि हे कमी होणं चांगलं नव्हतं. तो कमी खात होता म्हणून उतरलेलं वजन होतं.

स्वॅब घेतला, पूच्या वरच्या थरातून नाही, जखम धुतल्यावर तळातून. एक्स-रे काढला. भूल न देता, पारदर्शक डब्यात बसवून एक आणि टॉवेलात धरून एक. हाडांच्या कडा स्वच्छ दिसल्या, सूज फक्त मांसात होती. सुटकेचा श्वास घेतला, कारण हाड कुजलं असतं तर पुढचं बोलणं पाय काढण्याचं होतं.

पण पट्टी नीट, औषध वेळेवर, घर काळजी घेणारं, मग चिघळलं का? मी आजींना म्हणाले, “आजी, मला पिंजऱ्याचा फोटो दाखवा. आवरू नका, आत्ता आहे तसाच.” त्यांनी घरी सुनेला फोन केला, आणि पाच मिनिटांत चार फोटो आले.

कापड होतं. रोज बदललेलं, स्वच्छ, फुलाफुलांचं. फक्त ते पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात गोळा होऊन पडलं होतं, आणि त्याच्या ढिगात लाडूनं झोपायची गुहा केली होती. पुढची अर्धी जमीन म्हणजे प्लॅस्टिकचं वेष्टण असलेली पांढरी जाळी, उघडी. पाण्याच्या बाटलीच्या बरोबर खाली आणि खाद्याच्या वाटीपुढे त्या जाळीच्या तारा पिवळ्या पडल्या होत्या. मी फोटो मोठा करून पाहिला. हळद. आठवडाभर लावलेली हळद प्लॅस्टिकवर चढली होती आणि धुऊन गेली नव्हती. लाडू दिवसाचा किती वेळ कुठे उभा असतो याचा नकाशा त्या जाळीवर छापलेला होता : बाटलीखाली, वाटीपुढे, आणि दाराशी, जिथून फ्रिज दिसतो. झोपायला कापड आणि उभं राहायला तार. शिवाय बाटलीतून ठिबकणाऱ्या पाण्यानं तीच जागा कायम ओली.

दुसऱ्या फोटोत बाटली. बाल्कनीच्या उजेडात, आतून हिरवट शेवाळाची रेघ. त्यात ते व्हिटॅमिन सीचे थेंब. पाण्यात घातलेलं व्हिटॅमिन सी उजेडात आणि उबेत दिवसभरात बरंचसं निकामी होतं, त्यात चव बदलली म्हणून काही गिनीपिग पाणीच कमी पितात. तिसऱ्या फोटोत खाद्याची पिशवी, तिच्यावर सशाचं चित्र. ससा आपलं व्हिटॅमिन सी स्वतःच्या यकृतात बनवतो, म्हणून त्याच्या खाद्यात ते घालायची गरज नसते. गिनीपिगला ते बनवता येत नाही, आपल्यासारखंच. शेवटचं एक एन्झाइम त्याच्याकडे नाही. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख हे दोघे धान्याच्या आहारावर गिनीपिग ठेवून वेगळाच आजार शोधत होते आणि त्यांना सापडला स्कर्व्ही. खलाशांचा हा रोग त्यानंतर प्रयोगशाळेत अभ्यासता येऊ लागला. व्हिटॅमिन सी नसेल तर जखम भरायला लागणारं कोलॅजन हे प्रथिन नीट विणलं जात नाही, मग वरून कितीही मलम चोपडा. लाडूच्या हिरड्यांतून रक्त येत नव्हतं, सांधे सुजले नव्हते, उघड स्कर्व्ही नव्हता. पण काकडीत शंभर ग्रॅममागे व्हिटॅमिन सी तीन मिलिग्रॅमच्या आसपास, गाजरातही फार नाही. सशाचं खाद्य, काकडी, गाजर आणि शेवाळलेलं पाणी यावर त्याला काठावरचंच मिळत असणार.

मी पहिल्या दिवशी विचारलेले तिन्ही प्रश्न बरोबर होते. उत्तरंही खरी होती. मी ती बघितली नाहीत, एवढंच.

खाली काय घालायचं

पुढचा अर्धा तास औषधावर कमी आणि जमिनीवर जास्त गेला. जाळी काढायची यावर दुमत नव्हतं. पण त्याजागी काय?

सुनेनं फोनवरून सुचवलं, सुताराकडचा भुसा. नको. प्लायवूडच्या भुशात गोंद असतो, लाकडाचे बारीक काटे असतात, आणि धूळ नाकात जाते. कडबा टोचतो. भाताचा पेंढा त्या मानानं बरा, पण पावसाळ्यात त्याला आतून बुरशी धरते, आणि ती दिसायच्या आधी वास येतो. आजी म्हणाल्या, “गोधडी घालते. जुन्या सुती साड्यांची आहे, इतकी मऊ की पोरं तिच्यावर वाढली.” मऊपणाबद्दल वादच नव्हता. अडचण अशी की सुती कापड लघवी शोषून धरतं आणि ओलंच राहतं, म्हणजे पायाखाली मऊ पण कायम भिजलेली गादी. शिवाय गोधडीचे टाके सुटले की धागा बोटाला गुंडाळला जातो. एकदा एका पिल्लाचं बोट असंच काळंनिळं होऊन माझ्याकडे आलं होतं.

शेवटी ठरलं ते असं. खाली प्लॅस्टिकचा सपाट ट्रे. त्यावर वर्तमानपत्राचे थर. त्यावर गोधडीचे कापून, कडा शिवून घेतलेले तुकडे. आणि सगळ्यात वर फ्लीसचं, म्हणजे मऊ लवदार कृत्रिम कापडाचं पांघरूण, दोन-तीनदा गरम पाण्यात धुतलेलं, ट्रेच्या कडांखाली दुमडून पक्कं केलेलं. फ्लीसमधून लघवी खाली झिरपते, गोधडी ती शोषते, पायाला लागतो तो भाग कोरडा राहतो. बाटलीखाली वेगळा छोटा टॉवेल, दिवसातून तीनदा बदलायचा. लेंड्या दोनदा झाडायच्या. हे सगळं ऐकून आजींनी एकच प्रश्न विचारला, आणि तो माझ्या डोक्यात आलाच नव्हता : “पावसात वाळणार कसं?” पुण्यात जुलैमध्ये रुमाल वाळायला दोन दिवस लागतात. तीन संच करायचे आणि इस्त्री फिरवायची, असा तोडगा त्यांनीच काढला. पुढचे दोन महिने त्या घरात माणसांच्या कपड्यांआधी लाडूच्या फ्लीसला इस्त्री होत होती.

औषधाचं म्हणाल तर एन्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक तोंडावाटे सुरू केलं. इंजेक्शननं नाही, कातडीखाली दिलेलं हे औषध त्या जागी कातडी जाळतं, आणि कातडीच्याच जखमेसाठी आलेल्या प्राण्याला नवी जखम द्यायची मला हौस नव्हती. पाच दिवसांनी कल्चरचा, म्हणजे स्वॅबमधले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा अहवाल आला : स्टॅफिलोकोकस ऑरियस, या औषधाला दाद देणारा. औषध चार आठवडे चाललं. सात दिवसांचा कोर्स अशा पायाला पुरत नाही, वरून कातडी जुळते आणि आत पू तसाच राहतो. सुरक्षित यादीतलं अँटिबायोटिक असलं तरी लेंड्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं. मऊ पडल्या तर त्याच दिवशी फोन.

व्हिटॅमिन सी रोज ५० मिलिग्रॅम. निरोगी गिनीपिगला किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम पुरतं, आजाऱ्याला जास्त. चघळायच्या नारिंगी गोळीत साखर असते म्हणून साधी ५०० मिलिग्रॅमची गोळी. कुटून दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवायची, एक मिलिलिटर सिरिंजनं गालाच्या कडेनं द्यायचं, उरलेलं फेकायचं, उद्या नवं. सिरिंज समोरून तोंडात खुपसली तर औषध श्वासनलिकेत जातं, म्हणून कडेनं. हे काम मुलीनं घेतलं. आठवड्यानं तिनं कळवलं की सिरिंज दिसली की तो स्वतःच तोंड पुढे करतो.

काकडी-गाजराऐवजी ढोबळी मिरचीची फोड रोज, आठवड्यातून दोनदा पेरूची पातळ काप. हिरव्या ढोबळी मिरचीत शंभर ग्रॅममागे ८० मिलिग्रॅमच्या आसपास, पेरूत २०० च्या पुढे. आणि हा प्राणी मुळात पेरू देशाच्या डोंगरातला. तिथं तो स्वयंपाकघराच्या मातीच्या जमिनीवर फिरत, भाजीपाल्याचे देठ खात वाढवला जातो, तेव्हा पेरूला पेरू, असं मी मुलीला सांगितलं. ती हसली नाही. आवळा आजींनी सुचवला, पण आंबट म्हणून लाडूनं थुंकला.

मारी बिस्किटाचाही विषय निघाला. रोज संध्याकाळी आजोबा चहाबरोबर अर्ध बिस्किट लाडूला देत होते, आणि हे पहिल्या भेटीत कुणी बोललं नव्हतं. बंद. सशाच्या खाद्याची भरलेली वाटी बंद, त्याऐवजी गिनीपिगचं, व्हिटॅमिन सी घातलेलं खाद्य, दिवसाला दोन मोठे चमचे. सुकं गवत मात्र हवं तेवढं, त्याच्या अंगाएवढा ढीग कायम समोर. लसूणघास सहज मिळतो, पण त्यात कॅल्शियम भरपूर. मोठ्या गिनीपिगला रोज दिला तर मूत्राशयात खडे धरू शकतात. म्हणून टिमोथी जातीचं सुकं गवत मागवलं. आजोबांना मी बजावलं की उपास मात्र घडवायचा नाही. लठ्ठ गिनीपिगचं खाणं एकदम तोडलं तर चरबी यकृतात उतरते आणि तो चार दिवसांत आडवा होतो. वजन हळूच उतरवायचं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर रविवारी मोजून.

पट्ट्या

विसाव्या दिवशी पू नव्हता. जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार, नवं मांस दिसत होतं. पट्टी रोज बदलायची, आणि दमट हवेत ती आतून ओली राहते हे लक्षात घेऊन कापसाचा थर मी निम्मा केला. जाड पट्टी म्हणजे जास्त काळजी, असा माझाही समज होता. त्या पावसाळ्यात उलटं निघालं.

पाचव्या आठवड्यात एक अडथळा आला. बरं वाटायला लागल्यावर लाडूनं पट्टी कुरतडली आणि तिचा एक धागा गिळला. दीड दिवस लेंड्यांकडे डोळे लावून बसलो. धागा बाहेर आला, लेंडीला लटकलेला. मुलीनं फोटो पाठवला, मी जेवत असताना. त्यानंतर उजव्या पायाची पट्टी काढूनच टाकली, कारण तिथली खपली वाळून पडली होती. डाव्याला फक्त रात्री पट्टी, दिवसा उघडा, फ्लीसवर. मेलॉक्सिकॅम सहाव्या आठवड्यात हळूहळू थांबवलं, आधी पाय टेकवून नीट चालतो का ते बघून.

वजनाच्या नोंदी फ्रिजच्या दारावर चिकटवल्या होत्या : १२७०, मग खाणं सुधारल्यावर पुन्हा १२८५, मग १२६०, १२४०, १२२०. दुसऱ्या आकड्यावर आजोबा वैतागले होते, बिस्किट बंद करूनही वाढलं म्हणून. तो आकडा मला सगळ्यात जास्त आवडला.

गणपतीच्या दिवसांत आजींचा फोन आला. दूर्वांच्या जुड्या घरात आहेत, चालतील का? दूर्वा म्हणजे हरळी, गिनीपिगला उत्तम, पण बाजारातली जुडी कुठल्या रस्त्याकडेची आणि कुठल्या नाल्याच्या पाण्याची, हे कुणाला ठाऊक. सोसायटीच्या बागेत फवारणी नसलेल्या कोपऱ्यातली काढा, तीन पाण्यांतून धुवा, निथळून द्या, असं सांगितलं. पलीकडून मागे एक लांब, चढती शिट्टी ऐकू आली. आजी म्हणाल्या, “फ्रिज नाही हं उघडला, जुडी सोडतेय.”

ऑक्टोबरच्या शेवटी शेवटची तपासणी झाली. वजन ११६०. डाव्या तळव्यावर वाटाण्याएवढा चपटा, गुळगुळीत व्रण. दाबला तरी पाय ओढून घेत नव्हता. उजवा तळवा अजून थोडा पातळ आणि गुलाबी होता, तिथं पुन्हा होऊ शकतं, म्हणून महिन्याला एकदा नखं कापायच्या निमित्तानं दाखवायचं ठरलं. रविवारी वजन करताना तळवे उलटून बघायचे, हे मुलीनं स्वतःच वहीत लिहून घेतलं होतं, ‘वजन’ आणि ‘पाय’ असे दोन रकाने आखून.

निघताना मी जाळीचं काय केलं ते विचारलं. आजी म्हणाल्या, बाल्कनीत कुंड्यांखाली घातलीय, पाणी निथळायला बरी पडते. कोथिंबीर लावलीय त्यांत.